खाडीत मासा का लागत नाही? रॉड नंतर, आधी पाणी बघा!

राम राम मंडळी. मागं दिसतोय तो आपला आयर्विन पूल. म्हणजे आज मी सांगलीतच आहे, कुठं गेलेलो नाही, पण व्हिडिओ खाडीचा आहे. तांबोशीचा, म्हणजे खाडीतल्या तांबड्या माशाचा, व्हिडिओ टाकल्यापासून तुम्ही एकच लावून धरलंय. "दादा, आम्ही चिलापी काढतो, मरळ काढतो, कटला काढतो. खाडीवर गेलो, दिवसभर बसलो आणि हात हलवत परत आलो. रॉड कुठला घेऊ?"

रॉड! भावा, रॉडचा काय दोष?

सामानाचं पटकन उरकतो, कारण त्यात काही नाही. मरळीचा ७ फुटी रॉड चालतो. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, २० पाउंडाची. तिच्या पुढं हात-दीड हात ४० पाउंडाची लीडर, म्हणजे गळाजवळची जाड दोरी, बांधा, कारण तांबोशी गळाला लागली की थेट दगडात घुसते, आणि तिथल्या दगडांवर कालवं, म्हणजे चिकटलेले शिंपले, असतात. कालवाची कड म्हणजे ब्लेड. शिसं आपल्या नदीपेक्षा जड घ्या. कणकेची गोळी घरीच ठेवा, एक बोय मासा सोडला तर तिकडं तिला कुणी विचारत नाही. जिवंत कोळंबी घ्या. झालं सामान.

आता खरं दुखणं. पाणी.

माझीच गोष्ट सांगतो. पहिल्यांदा खाडीवर गेलो तेव्हा आम्ही तिघं होतो. रात्री ३ ला सांगली सोडली. कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो आणि ७ च्या सुमारास चिपळूणच्या पुढं वाशिष्ठीच्या खाडीवर पोचलो. कृष्णेवर आपली सवय काय? दिवस उगवताना गळ पाण्यात पाहिजे. इथं बघतो तर पाणीच नाही! नुसता चिखल, आणि चिखलावर बोटाएवढे निवटे मासे टुणटुण उड्या मारतायत. एक मित्र उत्साहात खाली उतरला तो गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल नाही निघाली. ती अजून तिथंच असणार.

मग आम्ही काय केलं? चिडलो आणि नाष्ट्याला गेलो. तिथून बाजार, तिथून चहा. दुपारी दीडला परत आलो तर खाडी तुडुंब. आहाहा! नदीवरच्या माणसाला भरलेलं पाणी बघून कसं होतं, तुम्हाला माहितीय. तिन्ही गळ टाकले. अडीच झाले, एक टोचा नाही. शेजारी एक आजोबा आपली गरी गुंडाळत होते. तिकडं गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकण्याला गरवणं. त्यांच्या पिशवीत चार पालू आणि एक चांगली किलोभराची तांबोशी. मी विचारलं, "आजोबा, कधी लागली?" म्हणाले, "तुम्ही नाष्ट्याला गेलात तेव्हा. घाटावरचे ना? घड्याळ काय बघता, पाणी बघा."

त्या दिवशी मला ते वाक्य कळलं नव्हतं. मला वाटलं, पाणी बघा म्हणजे पाणी किती आहे ते बघा. तसं नाही! पाणी हलतंय का, ते बघा. खाडीत पाणी भरलेलं असणं आणि मासा खात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून सांगतो. आपल्याकडं लग्नात पंगत बसते. पाहुणे जाग्यावर बसलेले, वाढपी फिरतायत. पाहुणा उठून भात आणायला जातो का? नाही. तांबोशी, गोबरा, जिताडा हे सगळे पाहुणे. दगडाआड, पुलाच्या खांबाआड, कांदळवनाच्या मुळांत बसलेले. वाढपी म्हणजे वाहतं पाणी. ते कोळंबी आणतं, बारकी मासळी आणतं आणि त्यांच्या तोंडापुढनं नेतं. भरती पूर्ण भरली की पाणी थांबतं. वाढपी थांबला, पंगत उठली. आणि आपण घाटावरचे लोक नेमके तेव्हा पान मांडून बसतो!

"पण नदीत तर मासा उभ्या पाण्यात लागतो" असं एकानं लिहिलंय. बरोबर आहे. डोहात लागतो, बंधाऱ्याच्या फुगवट्यात लागतो. पण नदी एकाच दिशेनं वाहते, तिच्यातल्या माशाला घाई नाही. खाडीतलं पाणी सहा तास आत येतं, सहा तास बाहेर जातं. सुरुवातीला सावकाश, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी सरकतं, शेवटी परत सावकाश. तुमचा दिवस तेवढाच. ते मधले दोन-तीन तास. बाकी वेळ डबा खा, झोपा, काही करा.

मग ही वेळ काढायची कशी? मोबाइलवर मिळते. पण कोकणातला जुना हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतो. तिथी घ्या, पाऊणनं गुणा, भरतीची वेळ आली. षष्ठी असेल तर ६ चे पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारच्या आसपास पूर्ण भरती आणि दुपारी साधारण पाचला परत. मधे पावणेअकराला ओहोटी. शुक्ल पक्ष असो नाहीतर वद्य, आकडा १ पासूनच. अमावास्या, पौर्णिमा १५. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं धरायचं. आणि ही वेळ समुद्राच्या तोंडाची. खाडीच्या तोंडावरच्या दाभोळवरनं जसजसं आत याल तसं पाणी उशिरा पोचतं.

यावर मागं एकानं कमेंट टाकली होती, "पंचांग बघून मासे धरणार काय, अंधश्रद्धा पसरवू नका." अरे बाबा, तिथी म्हणजे चंद्र कुठं आहे त्याचा आकडा. समुद्राचं पाणी चंद्र ओढतो. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढं सरकते. हिशोबातला पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, जवळपास तेवढाच. शाळेत न गेलेल्या माणसानं केलेला गुणाकार आहे तो, त्याला हात जोडा.

आमची ती फेरी अमावास्येनंतरच्या द्वितीयेची होती. करा हिशोब. दोनचे पाऊणपट दीड. रात्री दीडला एक भरती, दुपारी दोनच्या सुमारास दुसरी, म्हणजे सकाळी पावणेआठच्या आसपास ओहोटी. आम्ही चिखल बघायला अगदी वेळेवर पोचलो होतो! आणि आत पाणी उशिरा, म्हणजे दीड ते अडीच आम्ही उभ्या पाण्यात गळ धरून बसलो. दहा ते बाराच्या जोराच्या पाण्यात मी मिसळ खात होतो.

कुठली तिथी चांगली? अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी इतकं ओढतं की शिसं जागेवर राहत नाही, नवख्यानं जाऊ नये. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढ मंद. मला आवडते दशमी-एकादशी. साडेसात-सव्वाआठला भरती, म्हणजे आपण घाट उतरून पोचतो, चहा घेतो, आणि नऊ-साडेनऊपासनं उतरतं पाणी सापडतं. कांदळवनातनं एखादा ओहोळ खाडीला मिळतो, त्याच्या तोंडाशी गळ टाका. आतली सगळी कोळंबी तिथनंच बाहेर पडते. अडचण एकच. एकादशीला मी रॉड काढला की आई दारात उभी राहते. आता तोडगा निघालाय. धरायचे एकादशीला, घरात आणायचे द्वादशीला. रात्रभर बर्फात, मित्राच्या गाडीत.

आणि एवढं करूनही घड्याळावर विसंबू नका. मी काय करतो, काठावर पाण्याच्या कडेला एक काटकी रोवतो, पाणी चढतंय की उतरतंय ते कळायला, आणि एक वाळकं पान पाण्यात टाकतो. (असं.) पान जागेवर गोल फिरतंय? बसा. पान चालायला लागलं? उठा. हजार रुपयाच्या ल्युअरपेक्षा, म्हणजे खोट्या आमिषापेक्षा, हे पान जास्त सांगतं.

कमेंट्स बघू. "खाडीत मगर असते का?" असते, वाशिष्ठीत आहे. आणि आपल्या कृष्णेत काय ससे आहेत काय? पाण्याच्या कडेला उकिडवं बसून मासे धुवायचे नाहीत, दोन्हीकडं.

"शिंगाळा हातानं काढला तर चालतो का?" नाही. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, विषारी. पक्कड ठेवा. टोचलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात धरा आणि दवाखाना गाठा.

"तिथलं पाणी कोयनेचं असतं म्हणे, खरं का?" खरं आहे! वीज करून झालेलं कोयनेचं पाणी पोफळी, कोळकेवाडी करत वाशिष्ठीत जातं. म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. आपलं कराडला कृष्णेला मिळायचं पाणी घाट उतरून अरबी समुद्रात चाललंय आणि आपण त्याच्या मागं गळ घेऊन.

हा रील बघा. (जवळ धरतो.) हँडल फिरवतो, ऐका. कर्र, कर्र. खाडीवरनं आलो आणि दमलो म्हणून तसाच पिशवीत ठेवला, दोन दिवस. आतलं बेअरिंग गेलं. नदीवर रील धुवायची सवय नसते ना आपल्याला. घरी आलात की ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, घट्ट करा, गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोराची नको, नाहीतर मीठ आत जातं. पुसा, वाळवा, मग जेवा.

आता तुमचं काम. त्रयोदशीला भरती किती वाजता, ते खाली लिहा. आणि पोचल्यावर कुठल्या वेळेत गळ टाकाल, तेही लिहा. रॉड कुठला, असं कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. हार्ट पण देणार नाही.