इंग्रज राजा बागेत, आपला राजा गोडाऊनात

बघा, परवानगी नाही म्हणून चौकातला शिवाजी महाराजांचा पुतळा उचलायलेत. आधी पुतळ्याला पांढरं कापड गुंडाळलं, त्यावर गोणपाट, अन् मग हे क्रेनचे पट्टे. गोणपाट कशाला, तर पुतळा फायबरचा आहे, ब्राँझचा नाही, नुसता पट्टा आवळला की रंग उडतो, नाहीतर एखादा कोपरा चेपतो. खाली बसलेला माणूस ग्राइंडरनी चौथऱ्यातले नटबोल्ट कापायलाय, ठिणग्या बघा. पहाटेचं शूट आहे, उजेड नव्हता, म्हणून असं दिसतंय, सांभाळून घ्या.

हे साहेब, चेहरा आम्ही झाकलाय, यांनी आधी बूट काढले, महाराजांना हार घातला, पाया पडले, आणि मग सरळ उभं राहून क्रेनवाल्याला हात केला.

(इथं निवेदन नाही. क्रेनचा आवाज तसाच ठेवायचा.)

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव आहे. नाव सांगत नाही, नाव सांगितलं की मूळ विषय राहतो बाजूला अन् लोक गटतट शोधायला लागतात.

आता हा व्हिडिओ त्याच्या आधीचा, पुतळा बसवला त्या रात्रीचा. आमचा नाही, गावातल्याच एका पोराच्या मोबाईलमधला आहे. रातच्याला टेम्पो आला, मागं ताडपत्री, कुणी काही बोलंना, फक्त "हळू, हळू, डाव्या अंगाला घे" एवढंच ऐकू येतंय. चौथरा आधीपासून बांधून तयार होता, सुशोभीकरण म्हणून. म्हणजे कशासाठी बांधलाय हे अख्ख्या गावाला माहीत, नगरपंचायतीला पण माहीत, पण कागदावर ते सुशोभीकरण. पोरांनी वर्गणी काढून पुतळा आणला, कुणी सोयाबीनच्या पट्टीतून दिले, कुणी दुकानातून. दिवस उगवायच्या आत महाराज चौकात उभे, आणि मग गुलाल, हलगी, बायका ओवाळायला आल्यात, हे सगळं तुम्ही बघताच आहात, ह्यावर मी काय बोलू.

पुढं जे व्हायचं ते झालं. पोलिसांच्या गाड्या, शांतता समितीची बैठक, तहसीलला चकरा. एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, महाराजांना विरोध कुणाचाच नव्हता. जो उठायचा तो आधी मुजरा करायचा अन् मग म्हणायचा, परवानगी कुठंय?

तर परवानगी. हा भाग थोडा कोरडा आहे, पण सगळी गोम इथंच आहे म्हणून ऐका. 18 जानेवारी 2013 ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की सार्वजनिक रस्ते, फुटपाथ, लोकांच्या वापराच्या जागा, इथं पुतळ्याला परवानगी द्यायची नाही. आपल्या चौकातला चौथरा बरोबर रस्त्याच्या कडंला, म्हणजे विषय तिथंच अडला. त्यावर 2 मे 2017 चा राज्य सरकारचा जीआर आहे, त्यात सगळी पायरी दिलीय, जागा कुणाच्या मालकीची त्याचा कागद, स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचं ना हरकत, पुतळ्याच्या मातीत घडवलेल्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, देखभाल कोण करणार त्याची हमी, आणि हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांपुढं. काही लोकांना वाटतं हा नुसता छळ आहे. मला तसं वाटत नाही. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा 35 फुटी पुतळा 4 डिसेंबर 2023 ला उभा राहिला अन् 26 ऑगस्ट 2024 ला पडला, नऊ महिने सुद्धा नाही झाले. महाराजांचा पुतळा वाऱ्यावर सोडायची वस्तू नाही. पण हे पण खरंय की फाइल पुढं सरकत नाही म्हणूनच पोरं टेम्पो आणतात, आणि फाइल का सरकत नाही हे विचारायला कुणी रात्री जागत नाही.

आता उचललेला पुतळा कसा ठेवतात ते बघायला जरा मुंबईला चला, ह्या शूटसाठी आम्ही मुद्दाम गेलो होतो. भायखळ्याची राणीची बाग. हा घोड्यावरचा गोरा म्हणजे सातवा एडवर्ड, राजा व्हायच्या आधीचा, युवराज असतानाचा. 1875 ला तो मुंबईत येऊन गेला त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूननी हा पुतळा दिला, बोहम नावाच्या शिल्पकारानं केला, 1879 ला फोर्टात बसला. ज्याला लोक काळा घोडा म्हणायचे तो हाच. स्वातंत्र्य मिळाल्यावर सुद्धा बरीच वर्षं तिथंच होता, 1965 ला उचलला अन् इथं आणून ठेवला. जुन्या जागी 2017 ला नवा काळा घोडा बसवलाय, त्याच्यावर स्वारच नाही.

व्हिक्टोरिया राणीचं पण तसंच. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशातून झालेली संगमरवरी राणी, 1872 पासून मुंबईत. 1896 मध्ये दामोदर चापेकरांनी तिच्यावर डांबर ओतलं, गळ्यात चपलांचा हार घातला. ती राणी पण आता इथंच, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात. फोडून टाकली नाही, वितळवली नाही, उचलली अन् ठेवली, लोक येतात, बघतात, पोरं फोटो काढतात. अन् ह्या बागेचं आजचं नाव काय, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जिजाऊंच्या नावाच्या बागेत इंग्रजांचा राजा घोड्यावर आरामात बसलाय.

आपल्याकडं हा प्रश्न त्या पद्धतीनं आलाच नाही, आपण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. आपले पुतळे बहुतेक सगळे नंतरचे, आपल्याच लोकांनी हौसेनं, वर्गणीनं उभे केलेले. म्हणून तर हे पुढचं बघताना जास्त लागतं.

हे नगरपंचायतीचं गोडाऊन. इकडं बंद पडलेले पथदिवे, ते धुरळणीचं मशीन, घंटागाडीचे टायर, आणि त्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली, पायाशी वाळलेला हार. आत जाऊ दिलं नाही, जाळीच्या दारातून शूट केलंय. पंचनाम्यात उंची, रंग, कशाचा बनवलाय ते सगळं लिहिलंय, पुतळा सुस्थितीत, असं पण लिहिलंय. पण तो कुठं ठेवायचा, कसा ठेवायचा, कुणी रोज दिवा लावायचा का, ह्यावर एक ओळ नाही. उचलायला पहाटे क्रेन मिळते, ठेवायला एक स्वच्छ खोली मिळत नाही. निदान तेवढं तरी करा, ह्याला कुठला जीआर आडवा येत नाही.

त्या रात्रीच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले, त्यातली काही पोलीस भरतीची तयारी करणारी होती, त्यांनी कॅमेऱ्यासमोर बोलायला नाही म्हणलं.

गावात आता रीतसर समिती झालीय. चौकाऐवजी बाजार समितीच्या बाजूची मोकळी जागा बघितलीय, ही, जिथं म्हशी बसल्यात ती. ठराव झाला, मोजणीचे पैसे भरले, भूमी अभिलेखवाल्यांची तारीख यायची बाकी आहे. पुतळ्याचा मातीचा नमुना त्यानंतर.