इंडोनेशियाचा धार्मिक मध्यममार्ग कुठे चालतो, कुठे अडतो

नमस्कार मंडळी.

24 डिसेंबर 2000. इंडोनेशियात, पूर्व जावातल्या मोजोकर्तो शहरात, एका चर्चमध्ये नाताळची प्रार्थना चालू होती. पहाऱ्याला होते मुसलमान तरुण, नहदलातुल उलामा या संघटनेच्या ‘बान्सर’ दलातले. त्यांच्यातल्या रियांतोला एक संशयास्पद पिशवी दिसली. आत बॉम्ब होता. तो त्यानं उचलून बाहेर नेला आणि स्फोटात त्याचा जीव गेला.

हे आधी सांगतोय, कारण मध्यममार्ग म्हटलं की अनेकांना वाटतं, श्रद्धा जरा पातळ करायची. रियांतोला तिथे पाठवलं होतं ते मौलवींनीच स्थापन केलेल्या, 1926 पासूनच्या संघटनेनं.

पुढे 2002 मध्ये बालीत बॉम्बस्फोट झाले, 202 माणसं गेली. 2018 मध्ये सुराबायात एका कुटुंबानं पोटच्या मुलांना सोबत घेऊन तीन चर्चवर आत्मघाती हल्ले केले. तेव्हा धर्ममंत्री होते लुकमान हकीम सैफुद्दीन. त्यांनी ‘मोदेरासी बेरागामा’, म्हणजे धार्मिक मध्यममार्ग, ही मोहीम पुढे नेली. तिच्या कसोट्या चार: देशाशी बांधिलकी, सहिष्णुता, हिंसेला नकार आणि स्थानिक परंपरांना जागा.

ही चौथी मला फार मोलाची वाटते. जावातले मुसलमान संतांच्या कबरींवर जातात, ‘स्लामेतान’ची सामुदायिक जेवणं घालतात. कट्टरपंथी आधी यांनाच भ्रष्ट ठरवतात. आपल्याकडे उरुसाला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि 2019 मध्ये नहदलातुल उलामाच्या धर्मपंडितांनी शास्त्रार्थ करून ठरवलं, की बिगरमुस्लिम देशबांधवांना काफिर म्हणू नये, ते बरोबरीचे नागरिक आहेत. हेच मंत्रालयानं परिपत्रक काढून सांगितलं असतं, तर कट्टरपंथीयांनी ‘सरकारी इस्लाम’ म्हणून उडवून लावलं असतं. धर्मग्रंथ कोळून प्यायलेल्यांना तसं उडवता येत नाही.

मात्र सरकारनं जे स्वतः करायला हवं, तिथे घोडं अडतं. 2006 च्या नियमानुसार नवं प्रार्थनास्थळ बांधायला 90 भाविकांची नावं लागतात, शिवाय परिसरातल्या 60 जणांचा पाठिंबा. म्हणजे अल्पसंख्याकांची प्रार्थना शेजाऱ्यांच्या मर्जीवर. 2022 मध्ये चिलेगॉन शहरात चर्चविरोधी जमाव आला, तेव्हा खुद्द महापौरांनी चर्चला विरोध करणाऱ्या त्यांच्या निवेदनावर सही केली. तोवर मध्यममार्गाची मोहीम देशाच्या 2020 ते 2024 च्या विकास आराखड्यातही आली होती. मौलवींनी आपलं काम केलंय. सरकारनं आधी ही 60 सह्यांची अट काढावी, मध्यममार्गाचे प्रशिक्षण वर्ग मग घ्यावेत.