गेलती कशाला?

सोलापूरचा पूर्व भाग. सकाळचे सातपण वाजले नाहीत अजून आणि काल वळलेल्या विड्या पिशवीत घालून बायका कारखान्याकडे निघाल्यात, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलत. घरी आल्या की परत सूप मांडीवर, भिजवलेली पानं, कात्री, दोरा. इथल्या कितीतरी घरांचा किराणा ह्याच बोटांवर चालतो.

कोपऱ्यावर चहाची टपरी. पेपरात कुठल्यातरी पोरीवरच्या अत्याचाराची बातमी, आणि ती वाचून पहिलं वाक्य काय येतं? "येवढ्या रात्री गेलती कशाला ती?" बोलणारा वाईट माणूस नाही हो, एसटीत बाईमाणूस दिसलं की उठून जागा देणारा आहे. पण बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं, आणि ते तिनंच सांभाळायचं, हे एकदा डोक्यात बसलं ना, की भांडं फुटल्यावर फोडणाऱ्याला कोण विचारतंय, सगळे तिलाच विचारणार, नीट धरलं का नव्हतं.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. 1980 साली मार्था बर्ट नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेत, मिनेसोटात, 598 जणांना प्रश्न विचारून अभ्यास छापला. बाईनं असं वागावं, पुरुषानं तसं, हे ज्यांच्या डोक्यात जितकं घट्ट, तितका त्यांचा "तिचीच चूक असणार" असल्या समजुतींवर विश्वास जास्त.

आणि हे टपरीवरच थांबलं असतं तर एकवेळ चाललं असतं. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, मथुरा खटला म्हणतात तो. सेशन कोर्टानं तिला शरीरसंबंधांची सवय होती म्हणून पोलिसांना सोडलं, हायकोर्टानं शिक्षा दिली, आणि 1978 ला सुप्रीम कोर्टानं परत सोडलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नसणार! ठाण्यात, रात्री, पोलिसांना विरोध. त्यावर चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, 1983 ला कायदा बदलला. आणि प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असं धरायचं नाही, एवढं स्पष्ट लिहायला 2013 उजाडलं.

बरं, ते रात्रीचं पण खरं नाही. सरकारी आकडे दरवर्षी तेच सांगतात, दहातल्या नऊपेक्षा जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र. मग गेलती कुठं ती?

संध्याकाळी विड्या मोजत एक मावशी सांगत होत्या, पोरगी क्लासवरून सातला येते, मी चौकात जाऊन उभी राहते, रोज. आणि पोरगा?

"तो येतो की कधीपण."

आत्ता कुठंय?

मावशींनी विड्यांवरची नजरपण काढली नाही. "काय की."