बॅगेला एक भोक हवं

(विलेपार्ल्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेलं भाषण. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फळ्यावर माझा विषय ‘हलकी, देखणी, सुरक्षित : ऑफिसच्या बॅगेतलं नवं तंत्रज्ञान’ असा लिहिलाय. तंत्रज्ञानावर मी येणार आहे. पण आधी तिसऱ्या रांगेतले काका, तुमची सॅक जरा इकडे द्याल का? हा हुकाचा वजनकाटा आहे, रद्दीवाल्याकडे असतो तसलाच. हं... पाच किलो सहाशे. आणि काका मघाशी चहाच्या वेळी म्हणाले की ते रिटायर होऊन सहा वर्षं झाली! आत काय आहे? ... बरं, नाही विचारत. (हशा)

मी बावीस वर्षं बॅगा करतेय. माहीमला एका गाळ्यात दोन मशिनं आणि तीन कारागीर, एवढाच आमचा कारखाना. ‘डिझायनर’ म्हटलं की लोकांना वाटतं मी संगणकावर चित्रं काढत बसते. माझा निम्मा दिवस चेनचे रनर मोजण्यात जातो, आणि उरलेला कारागिराला ‘इथे दुहेरी शिलाई मार’ असं तिसऱ्यांदा सांगण्यात. तर या बावीस वर्षांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलीय, आणि ती ऐकून घेणारं कुणी भेटलं की मी सोडत नाही. घरचे आता ऐकत नाहीत.

मुंबईत बॅग पाठीवर लावत नाहीत. घरातून निघताना असते पाठीवर, रिक्षात नसते, जिना चढताना पुन्हा असते. पण गाडी फलाटात शिरताना दिसली की शे-दीडशे माणसं एकदम तीच कसरत करतात. एक पट्टा सोडायचा, बॅग पुढे फिरवायची, पट्टा उलटा चढवायचा. बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंत ती पोटावर. तुमच्या-माझ्या बॅगेचं खरं आयुष्य पोटावर जातं. आणि बाजारातली एकूण एक सॅक शिवलेली असते ती पाठीचं माप धरून! पाठीला हवा लागावी म्हणून जाड फोमच्या पन्हाळी. त्या आपल्या पोटाला टोचतात, वर त्यांचं वजन वेगळं. पट्टे खांद्याच्या वळणाने कापलेले, पुढे घातले की दंडावर घसरतात. छातीवर लावायचं ते छोटं बक्कल पुढे घातल्यावर मानेच्या मागे जातं. ते लावायला दुसरा माणूस लागतो, आणि गाडीत दुसरा माणूस भरपूर असला तरी त्याला कसं सांगणार? (हशा)

आता चोरांपासून वाचवणाऱ्या बॅगा आल्यात. चेन पाठीच्या बाजूला लपवलेली, म्हणजे मागच्याला उघडता येऊ नये. परदेशात रस्त्यावर चालणाऱ्यासाठी उत्तम युक्ती. आपल्याकडे ती पोटावर घातली की चेन आपल्याच पोटाला चिकटते. खिसेकापूला उघडता येत नाही हे खरं, पण तिकीट तपासनीस आला तर पास आपल्यालाही काढता येत नाही. अहो, पोटावर घेतलेली साधी बॅग मुळातच डोळ्यांसमोर असते. तिला चोराची भीती कमी. तिचे खरे शत्रू तीन. पाऊस, गर्दीचा दाब आणि डबा. मी रेल्वेच्या डब्याबद्दल नाही, जेवणाच्या डब्याबद्दल बोलतेय.

पावसाचं आधी सांगते, कारण पुढच्या फजितीचं मूळ तिथे आहे. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर. या सभागृहात प्रत्येकाकडे त्या दिवसाची एक गोष्ट असणार, म्हणून माझी लांबवत नाही. मी सांताक्रूझपासून बोरिवलीपर्यंत चालत गेले. खांद्यावर माझीच चामड्याची बॅग होती, पाणी पिऊन दुप्पट जड झालेली. आतले सगळे नमुने गेले, वहीची शाई उतरली. कोरडं काय राहिलं? दुधाच्या धुतलेल्या पिशवीत रबरबँड लावून ठेवलेलं रेशनकार्ड. दुसऱ्या दिवशी बॅग दोरीवर टांगली तेव्हा दिसलं, पाणी चामड्यातून फारसं शिरलंच नव्हतं. शिरलं होतं ते शिलाईतून. सुईने घातलेला प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि एका बॅगेत असे हजारो टाके. तेव्हापासून मला पाणी अडवायचं वेडच लागलं.

त्या वेडातून 2009 साली मी एक बॅग केली. नायलॉनचं कापड, आतून पॉलियुरेथेनचा लेप, प्रत्येक शिवणीवर आतून उष्णतेने चिकटवलेली पट्टी, चेनसुद्धा रबरी लेपाची. बादलीत बुडवून बघितली. मोरीत नळाखाली अर्धा तास धरली. आत ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा ठणठणीत. नवरा म्हणाला, ‘हिला बॅग नको म्हणूस, होडी म्हण.’

फोर्टातल्या एका कंपनीला तीनशे बॅगा हव्या होत्या, कर्मचाऱ्यांना द्यायला. मी नमुना घेऊन निघाले. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे डब्यात काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पुरणपोळी आणि कटाची आमटी. आमटी मुरलेली, वर तेलाचा तवंग. सासूबाईंनी क्लिपच्या झाकणाच्या डब्यात भरून दिली आणि वर बजावलं, ‘उभा ठेव गं.’ मी उभाच ठेवला होता. नवऱ्याचा लॅपटॉपही त्याच बॅगेत, कारण त्यावर बॅगेची चित्रं दाखवायची होती. त्याचे हप्ते अजून चालू होते.

अंधेरीला बायकांच्या डब्यात गर्दीचा तो एक लोंढा शिरतो ना, तो शिरला. माझ्या पोटावर बॅग, बॅगेवर एक बाई, त्या बाईवर अख्खी अंधेरी. टक् असा बारीक आवाज आला. मला वाटलं कुणाची तरी बांगडी. वांद्र्याच्या पुढे वास सुटला. गोडा मसाला, खोबरं, चिंचगूळ. खिडकीतली एक बाई डोळे न उघडता म्हणाली, ‘कट घातलाय.’ दुसरी म्हणाली, ‘लवंग जरा जास्त झालीय.’ सगळ्या जणी एकमेकींच्या पिशव्यांकडे बघायला लागल्या. मीही बघत होते. मला खात्री होती की माझी नाही, कारण माझ्या बॅगेतून एक थेंब बाहेर आला नव्हता. साडीवर डाग नाही, खाली ओल नाही.

तेच तर! थेंब बाहेर येणारच नव्हता. चर्चगेटला उतरून बाकावर बसले आणि चेन उघडली. आत आमटीचं तळं. अर्धा लिटर आमटी, तळाला साचलेली, आणि तिच्यात नवऱ्याचा लॅपटॉप घोट्यापर्यंत उभा. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, आणि आतलं बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती. साधी कापडी पिशवी असती तर आमटी दादरपर्यंत गळून गेली असती, मला कळलं असतं, चार जणींच्या शिव्या खाल्ल्या असत्या आणि लॅपटॉप वाचला असता.

मी तरीही गेले त्या कंपनीत. खरेदीचे साहेब भले होते. त्यांनी बॅग हातात घेतली, उघडली, आत डोकावले आणि विचारलं, ‘तुम्ही कोब्रा... म्हणजे तुमच्याकडे आमटीत गूळ घालतात का?’ (हशा) ऑर्डर मिळाली नाही.

त्या रात्री मी बॅगेला तळाशी भोक पाडलं. पितळेचं आयलेट ठोकलं, बुटाच्या नाडीच्या भोकाला असतं तसं. माझं आजचं सगळं भाषण खरं तर त्या भोकाबद्दल आहे. तेव्हापासून माझ्या बॅगेत डब्याला खाली स्वतंत्र आडवी खोली, आणि ते भोक त्या खोलीला. लॅपटॉपचा कप्पा तळाला टेकतच नाही. तो वरून टांगलेला असतो, तळापासून तीन सेंटिमीटर वर, झोळीतल्या बाळासारखा. बॅग आपटली तरी मार तळाला बसतो, बाळाला नाही.

दाबाचं म्हणाल तर पोटावरची बॅग दोन माणसांमध्ये चेपते आणि स्क्रीनला तडा जातो. त्यासाठी बाहेरच्या अंगाला एक कडक पत्रा हवा, पण वजन नको. मी काय वापरलं माहितीय? सनपॅक. निवडणुकीनंतर रस्त्यावर जे नालीदार प्लॅस्टिकचे बोर्ड उरतात ना, ते. पहिल्या तीन नमुन्यांत एका उमेदवाराचं हसरं तोंड अस्तराच्या आत होतं. दाब सहन करण्याची सवय असलेलं साहित्य. (हशा)

आणि कप्पे. माझ्या आजोबांची चंची होती. पान, सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी, प्रत्येकाला आपला कप्पा, आणि गुंडाळली की मुठीत मावणारी. दिवे गेले तरी आजोबा ओसरीवर बसून बोलता बोलता विडा जमवायचे, चंचीकडे न बघता. गर्दीत बॅगेत डोकावता येत नाही, हातालाच कळायला लागतं. मी कारागिराला कप्प्यांचा फर्मा समजावायला आजोबांची चंची दाखवते. आणि अस्तर काळं नाही, पिवळं. काळ्या अस्तरात काळा चार्जर शोधणं म्हणजे... चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं. सात.

मग तंत्रज्ञान, पटापट.

कापड. दुकानदार म्हणतो 1680 डेनियर, म्हणजे भारी. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, मूळ रेशमाच्या धंद्यातलं माप. आकडा वाढला की धागा जाड आणि बॅग जड. जिथे घासतं तिथे, म्हणजे तळाला, जाड घ्या. बाकी अंगाला 400च्या आसपासचं नायलॉन पुरतं. रिकामी बॅग सातशे ग्रॅमच्या वर गेली तर मी ती उसवते. एक लिटर पाणी एक किलोच भरणार, तिथे माझं काही चालत नाही. वाचवायचे ते ग्रॅम बॅगेतूनच.

बाहेर दिसणारं यूएसबीचं तोंड. लोक त्याचे पैसे मोजतात. मागे फक्त एक वायर असते हो! पॉवर बँक तुम्हीच घालायची. आणि त्या तोंडातून पाऊस आत. लावायचंच तर झडपेखाली लावा. बॅटरी कधीही आत शिवून टाकू नका. परदेशात बॅटरीवाल्या स्मार्ट बॅगा निघाल्या होत्या, 2018च्या जानेवारीपासून अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी बॅटरी निघत नसेल तर बॅगच नाकारली. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यायची, आणि 100 वॅट-तासांपर्यंत परवानगी विचारावी लागत नाही. आपली दहा हजारवाली 37 वॅट-तासांची असते. चार्ज होताना ती तापते, तेव्हा लॅपटॉपला चिकटून ठेवू नका.

हरवलेली बॅग शोधणारी बिल्ली. ॲपल कंपनीचा एअरटॅग 2021 साली आला, अकरा ग्रॅमचा. त्याच्यात जीपीएस नसतं. आजूबाजूचे आयफोन त्याची खूण पकडून कळवतात. म्हणजे आपल्या विरार लोकलइतकी सोयीची जागा त्याला जगात कुठे मिळणार! सेल साधारण वर्षभर जातो, म्हणून कप्पा उघडता आला पाहिजे. आणि बँकेचं कार्ड कुणी बाहेरूनच वाचून पैसे काढू नये म्हणून तो धातूच्या कापडाचा कप्पा असतो ना, फॅरेडेने 1836 साली दाखवला तोच पिंजरा, त्यात ही बिल्ली ठेवलीत तर ती मुकी होईल. एका गिऱ्हाइकाने ठेवली होती, आणि बिघाड बॅगेचा म्हणून भांडायला आला. मुळात कार्ड दोन-चार सेंटिमीटरवरूनच वाचलं जातं आणि पिनशिवाय पाच हजारांपर्यंतच व्यवहार होतो. तो कप्पा हवा तर घ्या. पण मेट्रोचं कार्ड त्यात नको, फाटकाशी अडून बसाल. ते पट्ट्यावरच्या खिशात, पट्टाच टेकवायचा.

देखणेपणाबद्दल बोलायचं राहिलं. एवढंच सांगते, काळी घेऊ नका. वरच्या फळीवर सगळ्या काळ्याच असतात. आमच्या शेजाऱ्यांनी एकदा दुसऱ्याचीच उचलून आणली, घरी उघडली तर डब्यात सुकट. त्यांच्याकडे चातुर्मास चालू होता.

एकच प्रश्न घेते. हं, मावशी? ... भोकातून मुंग्या येत नाहीत का? येतात. मी बारीक जाळी लावून बघितली, तर तिच्यात आमटीतलं खोबरं अडकलं आणि पुन्हा तळं झालं. आता रबरी पडदा लावलाय, आतून दाब आला की उघडणारा. त्यातूनही संक्रांतीच्या दिवसांत मुंग्या येतात. गुळाच्या पोळीवर माझ्याकडे अजून उपाय नाही.

काका, तुमची सॅक. ... काय म्हणालात? दिवाळी अंक? अठरा? अहो मग ग्रंथालय साडेआठला बंद होतं, आधी पळा तुम्ही.