दातांचा रंग आणि त्यामागचे कारण

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीचे लग्न झाले की गोव्यात लग्नसराई सुरू होते आणि दातांच्या दवाखान्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो: "डॉक्टर, आठ दिवसांत दात पांढरे होतील ना?" नवरी विचारते, नवरीची आई विचारते, आणि अलीकडे नवरदेवही न लाजता विचारतात. उत्तर देण्याआधी मी त्यांना खिडकीजवळच्या उजेडात बसवते आणि रंग जुळवण्याची पट्टी दाताशेजारी धरते. माझ्याकडच्या या पट्टीवर दातांच्या आकाराचे 16 नमुने असतात, आणि त्यांतला एकही कागदासारखा पांढराशुभ्र नसतो. निरोगी दात मुळातच किंचित पिवळसर असतो, कारण वरचे इनॅमलचे कवच अर्धपारदर्शक असते आणि त्याखालच्या डेंटिनचा पिवळा रंग त्यातून दिसत राहतो. वय वाढते तसे कवच झिजते, डेंटिन जाड होते आणि ही पिवळसर छटा आणखी गडद होते. तो आजार नव्हे.

मग दात खरोखर खराब दिसतो तो कशाने, हे आधी शोधावे लागते. चहा, कॉफी, पान, तंबाखू, लोहाचे पातळ औषध, इतकेच काय, हिरड्यांसाठी दिलेले क्लोरहेक्सिडीनचे माउथवॉश दीर्घकाळ वापरले तरी दातांवर डाग चढतात. हे डाग वरवरचे असल्यामुळे स्केलिंग, म्हणजे दातांवरचे कीटण खरवडून काढणे, आणि पॉलिश केल्यावर निघून जातात. स्केलिंगने दात हलू लागतात, ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात हिरडीचा आजार हाडाचा आधार आधीच खाऊन बसलेला असतो आणि कीटण काढल्यावर तो सैलपणा केवळ जाणवू लागतो.

मिश्रीविषयी मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडच्या कित्येक वयस्क स्त्रिया मिश्रीने किंवा ट्यूबमधल्या तपकिरीने दात घासतात, आणि तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनावर देशात 1992 मध्ये बंदी येऊनही ही सवय पुरती गेलेली नाही. अशी आजी समोर बसली की मी दातांच्या काळेपणाकडे नंतर पाहते. आधी गालाची आतली बाजू आणि जिभेच्या कडा तपासते, कारण तिथला न दुखणारा पांढरा किंवा लाल चट्टा हा कर्करोगाची सुरुवात असू शकतो.

घरगुती उपायांत सर्वांत जास्त नुकसान लिंबू करते. पीएचचा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त; तोंडातला पीएच 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते आणि लिंबाचा रस साधारण 2 पीएचचा असतो. लिंबू चोळल्यावर दात दोन दिवस उजळ वाटतात, पण कवच पातळ होत गेले की आतले डेंटिन अधिक दिसते आणि ज्या पिवळेपणासाठी हा खटाटोप केला, तोच वाढतो. कोळशाची पूड आणि राखुंडी घासून घासून हिरडीलगत खाच पाडतात. सोलकढी मात्र खुशाल प्यावी. प्यायल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या तासाने करावा.

डाग दाताच्या आत असेल तर ब्लीचिंगचा विचार होतो. ब्लीचिंगच्या जेलमधल्या पेरॉक्साइडमधून सुटणारा ऑक्सिजन कवचात शिरतो आणि रंगद्रव्याचे रेणू तोडतो. दातांचे माप घेऊन बनवलेल्या पातळ ट्रेमध्ये प्रत्येक दातासाठी तांदळाच्या दाण्याएवढे 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून तो रात्री लावायचा, ही पद्धत अमेरिकेत 1989 मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. तिला दोन-तीन आठवडे लागतात. दवाखान्यात वापरतात ते द्रावण कितीतरी तीव्र असते, म्हणून आधी हिरड्या झाकून घ्याव्या लागतात. ब्लीचिंगमुळे थंड पाण्याने दात सळसळणे काही दिवस चालते आणि थांबते. किडलेले दात आधी भरून घ्यावेत. कॅप आणि जुने फिलिंग यांचा रंग मात्र बदलत नाही, त्यामुळे समोरची कॅप बसवायची असेल तर आधी ब्लीचिंग करावे, दोन आठवडे थांबावे आणि मग रंग जुळवावा. तेव्हा लग्नाच्या आधी आठ दिवसांत मी फक्त सफाई करून देऊ शकते. बाकीच्यासाठी दोन महिने आधी यावे.

लहानपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घेतल्यामुळे दातांवर राखाडी पट्टे उमटले असतील तर ट्रे कित्येक महिने लावावा लागतो, आणि तरीही पट्टे पूर्ण जातीलच असे नाही.

एकटाच दात काळवंडला असेल तर त्याची कथा वेगळी असते. फोंड्याकडची एक शिक्षिका बोलताना वरचा ओठ सतत खाली ओढून धरत असे. पाचवीत असताना ती विहिरीच्या काठावर पडली होती. दात तुटला नाही, दुखलाही नाही, म्हणून घरात सगळे विसरले. पण मारामुळे आतली नस मेली होती आणि रक्तातले रंगद्रव्य डेंटिनमध्ये झिरपले होते. असा दात बाहेरून कितीही उजळला तरी उपयोग नसतो. आम्ही आधी रूट कॅनाल केले, मुळाचे तोंड सिमेंटने बंद केले आणि दाताच्या पोकळीत सोडियम परबोरेट भरून आठवड्याच्या अंतराने चार वेळा बदलले. चौथ्या वेळी पट्टीवरचा जो नमुना शेजारच्या दाताला जुळत होता, तोच या दातालाही जुळला. अशा दाताच्या मुळाची हिरडीलगत क्वचित झीज होऊ शकते, म्हणून ती दरवर्षी एक्स-रेसाठी येते आणि मागच्या वर्षीचा सोबत आणते. दोन्ही शेजारी धरल्याशिवाय तो बारीक फरक डोळ्याला दिसत नाही.

नमस्कार.