चोवीस पेढे आणि एकशे सत्त्याऐंशी हात

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची चढण चढताना वाटेतच, अखंड कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. इथल्या शिलालेखातलं शून्य बघायला लोक लांबून येतात. लेख इसवी सन ८७६ चा. देवाला रोज ५० हार मिळावेत म्हणून फुलबाग दिल्याची ही नोंद.

आपण मात्र बागेची मापं बघू. लांबी २७० हात, रुंदी १८७. लांबीचे सारखे, पुऱ्या हातांचे वाफे पाडायचे तर दोन, तीन, पाच, सहा, नऊ, दहा... हवे तसे पाडा. २७० ला १६ विभाजक आहेत. रुंदीपुढे मात्र हात टेकावे लागतात. सतरा अकरे एकशे सत्त्याऐंशी. वाफे अकरा करा नाहीतर सतरा. नाहीतर हाताहाताची पट्टी.

आता खाली, ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या वस्तीत येऊ. गणपतीचे दिवस. एका मराठी घरात पितळी परातीत २४ पेढे आहेत, आणि नात ओळी लावतेय. दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा. दरवेळी ओळी सारख्या. आजी आणखी एक पेढा ठेवते. "आता लाव बघू!" पंचवीस. पाच ओळी, बस. एका पेढ्यानं सगळी वाटणी अडली.

२४ ला आठ विभाजक. तिच्याआधीच्या एकाही संख्येला इतके नाहीत. हा मान पुढे ३६ कडे जातो, मग ४८, मग ६०. आपल्या जुन्या कालगणनेत दिवसाच्या घटका ६० आणि घटकेची पळंही ६०. अर्धा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, कुठलाही हिस्सा घ्या, तुकडा उरत नाही.

अशा मानकरी संख्यांवर श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ साली मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी हातानं केलेली यादी आहे. ती थेट ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते. या संख्येचे विभाजक १०,०८०! यंत्राशिवाय, कागदावर. आणि एवढ्या यादीत त्यांच्या नजरेतून एकच संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००.

मला त्या निसटलेल्या संख्येचा फार लोभ आहे. तिला २३ ने गुणा, यादीतली शेवटची संख्या समोर येते. त्या निसटलेल्या संख्येचे विभाजक मोजा, ५०४० भरतात. आणि ही ५०४० सुद्धा त्याच घराण्यातली, ६० विभाजकांची.