ही गादी भरून का येत नाही?

(दृश्य: इंदूर, रामबाग. सकाळ. खिडकीच्या उजेडात धरलेली एमआरआयची फिल्म.)

वरून खाली बघत या. मणक्यांच्या मधोमध पांढुरक्या चकत्या दिसतात, त्या गाद्या. त्यांच्यात पाणी आहे म्हणून त्या पांढऱ्या. सगळ्यात खालच्या दोन मात्र काळ्या पडल्यात. पाणी आटलंय, आणि त्यातली एक मागे येऊन नसेवर टेकलीय.

फिल्म ज्यांची, त्या आजी पलंगावर कुशीवर पडून आहेत. कमरेतून निघालेली कळ पार पोटरीपर्यंत जाते. मुलगा म्हणतो, "आई, गॅप आलीय." शेजारचे भिया दारातूनच बजावून जातात, "ऑपरेशन मत कराना!" सल्ले फुकट असतात, आणि इंदुरात तर पोह्यांबरोबर मिळतात. आजींचा प्रश्न मात्र नेमका आहे: "हाड मोडलं तर दीड-दोन महिन्यांत जुळतं. मग ही मेली गादी का नाही भरून येत?"

कारण रक्त. मोठ्या माणसाच्या गादीत आत रक्तवाहिनीच नसते. शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाच्या आत राहतात. गादीच्या मध्यावरची पेशी सात-आठ मिलिमीटर लांब पडते. वरच्या-खालच्या मणक्यातून जे झिरपेल, त्यावर तिनं भागवायचं. पेशी थोड्या, खुराक तुटपुंजा, मग डागडुजी कशी होणार?

हाडाला मात्र रक्त भरपूर. त्याची किंमतही आहे. क्षयाचे जंतू रक्तावाटेच मणक्यात उतरतात. फुफ्फुसाचा, स्तनाचा कर्करोगही त्याच वाटेने येतो. म्हणून रात्री झोपू न देणारी पाठदुखी, बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, हे सगळं 'गॅप'च्या खात्यावर टाकू नये.

(दृश्य: फिल्मवर फिरणारं बोट.)

सरकलेल्या गादीमुळे नस दबते आणि पाय दुखतो, हे नीट मांडलं बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी, १९३४ साली. तेव्हापासून सर्जन एकच काम करत आलेत: नसेवरचा तुकडा काढायचा. गादी दुरुस्त होत नाही, नस मोकळी होते. हा फरक ऑपरेशनआधी घरच्यांना कुणी सांगितला, तर नंतरच्या निम्म्या कुरबुरी वाचतील.

आणि गंमत पुढे आहे. गादीतून सुटून बाहेर आलेल्या तुकड्याची गाठ पडते रक्ताशी. त्याच्याभोवती नव्या रक्तवाहिन्या येतात, भक्षक पेशी येतात आणि पुष्कळदा तो तुकडा फस्त करून टाकतात. तुकडा जितका मोठा नि सुटा, तितकी तो विरण्याची शक्यता जास्त. पायाची कळ बऱ्याच जणांची दोन-तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय ओसरते, त्याचं हे एक कारण. शिवाय १९९४ साली पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्के लोकांची एक तरी गादी फुगलेली निघाली. फिल्म बघून घाबरायचं नाही ते यासाठी. पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

(दृश्य: किंग एडवर्ड मेडिकल स्कूलची जुनी दगडी इमारत.)

रक्त असेल तरच जुळतं, हे गणित छातीच्या ऑपरेशनलाही लागू. इंदुरात वैद्यकीय शाळा सुरू झाली १८७८ साली. त्या काळी छाती उघडायची कुणाची छाती नव्हती. हवा आत शिरली की फुफ्फुस मिटतं. कर्करोगासाठी अख्खं फुफ्फुस एका बैठकीत काढून रुग्ण जगवला तो इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी, १९३३ साली अमेरिकेत. रुग्ण स्वतः डॉक्टर होता, आणि पुढे तीस वर्षं जगला. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली मांडणाऱ्यांत ग्रॅहमही होते. ते स्वतः सिगारेट ओढणारे. १९५७ साली त्याच आजाराने गेले.

आजींचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, याच ऑपरेशनमधून उठलेत, फक्त त्यांचा फुफ्फुसाचा एकच भाग काढला, तोही बरगड्यांमधून कॅमेरा घालून. अशा वेळी श्वासनलिकेचं कापलेलं तोंड स्टेपलरने बंद करतात. मग छातीत सलाइन ओततात, भूल देणारे डॉक्टर हवा सोडतात, आणि सगळं थिएटर पाण्याकडे बघत उभं राहतं. पंक्चरवाला ट्यूब बुडवून बघतो, तस्संच. बुडबुडा आला नाही, तरी सर्जन निश्चिंत नसतो. स्टेपल आज धरतील. ते तोंड जुळायला हवं रक्त, आणि ते आणणाऱ्या वाहिन्या नळीच्या अंगाला चिकटलेल्या, केसासारख्या बारीक. कर्करोग पसरलाय का हे बघायला आजूबाजूच्या लसिकाग्रंथी काढतात; तेव्हा त्या वाहिन्या खरवडल्या गेल्या, तर काही दिवसांनी तोंड उसवू शकतं. म्हणून आधी रेडिएशन झालेलं असेल, किंवा अख्खं फुफ्फुस काढलं असेल, तर बरगड्यांमधला स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वळवून त्या तोंडावर बसवतात.

ही युक्ती आपल्या मुलखाला नवी नाही. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं होतं. पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याला कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली. कारागिराने कातडी पूर्ण सोडवली नव्हती; भुवयांमधली पट्टी राखली होती, रक्त चालू राहावं म्हणून. नाक नव्या जागी रुजलं, की साधारण पंचविसाव्या दिवशी पट्टी तोडायची.

(दृश्य: पुन्हा रामबाग. मुलाच्या हातात मोबाइल.)

मुलगा एक जाहिरात दाखवतो: स्टेम सेलचं, म्हणजे वेगवेगळ्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींचं, एक इंजेक्शन, गादी पहिल्यासारखी. गादीत पेशी सोडण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत, आणि ते पोरखेळ नाहीत. पण जिथे मूळच्या पेशी उपाशी राहिल्या, तिथे नव्या खाणार काय? संशोधन अडतंय ते या जागी. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, हिच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भारतात असा उपचार फक्त नोंदणी केलेल्या चाचणीत होऊ शकतो, दवाखान्यात विकता येत नाही. मुलगा जाहिरातीतला नंबर फिरवतो. आजी पडल्या पडल्याच सांगतात, "आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचार."